आधी डावा हात

दवनीवाड्यात श्यामलालच्या घरची ढोली साऱ्या गावात उंच. ढोली म्हणजे धान साठवायची कणगी. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, चांगली पुरुषभर उंचीची. इतर घरी ढोलीत धान ओतायला पाट घेतात, तिपाई घेतात, कुणी उखळ पालथं घालून त्यावर चढतं. श्यामलालच्या घरी तसलं चालत नसे. एरवी गडीमाणसं काय हवं ते करोत, पण नव्या धानाची पहिली टोपली घरातली मोठी बाई टाकणार, आणि ती जमिनीवर उभी राहून टाकणार. टाचा उचलल्या तर चालतील, पायाखाली काही घ्यायचं नाही. अन्नाच्या वर चढून अन्न ओतू नये, असं या घरातल्या कुण्या जुन्या बाईनं ठरवून ठेवलं होतं. ती बाई उंचीला बरी असावी. तिच्यामागून आलेल्या सगळ्या सुना बुटक्या निघाल्या, पण नियम काही कुणी बदलला नाही.

सुलोचनाबाईनं ती टोपली अकरा वर्षं टाकली होती. त्याआधी तिची सासू टाकायची. एका साली सासूचे हात थरथरले, धान अर्धं आत नि अर्धं बाहेर सांडलं, आणि म्हातारीनं मुकाट्यानं टोपली सुनेच्या हाती दिली. त्या दिवसापासून बियाण्याला लुचई धान ठेवायचं का हिरानक्खी, कोणती गाय ठेवायची नि कोणती काढायची, कुणाच्या लग्नाला कोण जाणार, हे सगळं लोक सुलोचनाबाईला विचारू लागले. म्हातारीला कुणी वाईट वागवलं नाही. वेळेवर गरम भात मिळायचा, पाय चेपून मिळायचे. फक्त तिला कुणी काही विचारेनासं झालं. पुढं पाच वर्षं ती ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत राहिली आणि मग गेली. सुलोचनाबाईनंही तिला कधी काही विचारलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिला आता, स्वतःवर वेळ आल्यावर, रोज आठवत होती.

वेळ आली ती गुडाखूच्या पायी. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा सकाळी बोटावर घेऊन दातांना फासल्याशिवाय बाईचे डोळे उघडत नसत. मग दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि कुणी शेजारीण बसायला आली की तिच्या सोबतीनं एकदा. गावातल्या अर्ध्या बायका या पंगतीला होत्या, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. सत्तावन्न सालच्या होळीच्या सुमारास तिच्या उजव्या गालात आतून एक फोड आला. उष्णता असेल म्हणून तिनं जिरं चघळलं, ताक प्यायलं. फोड जागचा हलला नाही. गोंदियाच्या डॉक्टरानं बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि नागपूर सांगितलं, नागपूरनं मुंबई सांगितली, आणि आषाढात, गावात रोवणे म्हणजे धानाची लावणी चालू असताना, श्यामलाल बायकोला घेऊन मेलगाडीत बसला. बाईचा जन्मात कधी रोवणा चुकला नव्हता, तो त्या साली चुकला.

मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यात तिच्या गालाचा आतला भाग, जबड्याचा एक तुकडा आणि उजव्या मानेतल्या गाठी काढल्या. बाई वाचली. पण शुद्धीवर येऊन दहा-बारा दिवस झाले तरी तोंडात एक बोट शिरेना, उजवा खांदा खाली ओघळलेला, आणि हात छातीच्या वर जाईना. गाल कापता कापता डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत घसरला की काय, अशी तिला शंका आली आणि तिनं ती श्यामलालला बोलूनही दाखवली.

शंका फेडली ती व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं. ही एक तरुण, सडपातळ बाई होती, मनगटावर घड्याळ बांधलेली, बोलण्यात शाळामास्तराचा कडकपणा. सुलोचनाबाईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. मास्तरीणबाईनं काही लपवलं नाही. खांदा उचलणारी शीर त्या गाठींच्याच जंजाळातून जात होती, गाठींबरोबर तीही काढावी लागली. हात आपल्या बळावर पूर्वीसारखा पूर्ण वर जाईलच, असा भरवसा देता येत नाही.

"पण सांधा तुमच्या हातात आहे," ती म्हणाली. "तो रोज हलता ठेवलात, तर दुसऱ्या कुणाचा नुसता तळवा खाली लागला तरी तुमचा हात वर जाईल. आखडू दिलात, तर मग कुणीही काही करू शकणार नाही."

तिनं मग धडे दिले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मुंगी चढते तसा. वर कप्पी टांगून दोरीची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि डाव्यानं ओढून उजव्याला वर काढायचं. तोंडासाठी लाकडाच्या चपट्या पट्ट्या दातांच्या फटीत धरायच्या, चार दिवस गेले की आणखी एक सरकवायची. आणि या सगळ्याच्या आधी एक नियम. आधी डावा हात वर न्यायचा, तो कुठवर जातो ते पाहायचं, मग उजवा. "आधी चांगला हात. नाहीतर माणूस स्वतःलाच फसवतो," असं तिनं बजावलं आणि निघायच्या दिवशी श्यामलालकडूनही ते म्हणून घेतलं. श्यामलालनं मान डोलावली आणि गोंदियापर्यंत ते विसरूनही गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं घरी आली, आणि इथं माशी शिंकली. दवनीवाड्यात मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला कुणी कामाला हात लावू देत नाही. अशा बाईनं पाण्याचा गुंड, साधी घागर, उचलताना कुणी पाहिलं असतं, तर गावानं श्यामलालच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं नसतं. त्यात सुलोचनाबाईची धाकटी जाऊ सुशीलाबाई म्हणजे नुसता मायेचा झरा. तिनं पहिल्याच सकाळी मोठ्या जावेच्या हातून झाडू काढून घेतला. मग तवा काढून घेतला, मग सूप. भरवायची पेज तीच करी, वेणी तीच घाली. टाके उकलू नयेत म्हणून जुन्या लुगड्याची झोळी करून तिनं उजवा हात गळ्यात बांधून टाकला. टाके मुंबईतच निघाले होते, पण मायेला कोण समजावणार. आणि खरं सांगायचं तर सुलोचनाबाईलाही ते बरं वाटलं. एवढा मोठा प्रवास करून आलेलं शरीर, कुणी उचलून धरलं तर कोण नको म्हणेल. मास्तरीणबाईचे धडे मेलगाडीतच राहिले.

पाच आठवडे असे गेले. नवरात्रात एका सकाळी सुशीलाबाई ओसरीवर तिचे केस विंचरत होती आणि सहज, प्रेमानंच, म्हणाली, "बाई, तुमी कायले काळजी करता? यंदा पयली टोपली मी टाकून देतो. तुमी निस्त्या बसून पाहा."

सुलोचनाबाई बसली होती ती जागा तिनं पाहिली. ओसरीचा हाच कोपरा, खांबाला टेकायला पाठीची हीच गुळगुळीत जागा. सासूच्या पाठीनं पाच वर्षांत घासून केलेली. तिनं गळ्यातल्या झोळीतून हात काढून वर न्यायला पाहिलं, तर तो मुंबईत जात होता तेवढाही जाईना. खांद्यात जुन्या दरवाजाच्या बिजागरीसारखं काहीतरी कुरकुरलं आणि अडकलं. पाच आठवड्यांच्या मायेनं हा सांधा गंजवला होता, आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या टोपलीला अडीच महिने उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवीच धामधूम सुरू झाली. झोळीचं फडकं बाईनं चुलीजवळ पुसायला लावलं. मागच्या खोलीतली ढोली पावसाळा संपता जवळजवळ रिकामी झाली होती, तिच्याच अंगावर ती बोटं चालवू लागली. भिंत दुसरीही होती, पण जिथं जायचं तिथलीच वाट चालावी, असं तिचं गणित. आधी डावा हात. टाचा न उचलता डाव्या हाताची बोटं ढोलीच्या काठावर दोन पेरं आत वळत. मग उजवा. पहिल्या दिवशी तो छातीशीच थांबला. तिथं तिनं चुन्याचा ठिपका दिला. विहिरीवरचं जुनं चाक तिनं श्यामलालला वर आडव्या लाकडाला टांगायला लावलं आणि त्यावरून दोर घेतला. गावचा बुरूड बिसराम याच्याकडून नखाएवढ्या जाडीच्या गुळगुळीत कामट्या तासून आणल्या. सुरुवातीला दातांत तीनच मावल्या, आणि तेवढ्यानंही डोळ्यांतून पाणी आलं.

गुडाखूची डबी तिनं स्वतः नेऊन उकिरड्यात पुरली. त्यानंतरचे आठ दिवस तिच्या वाटेला कुणी जाऊ नये असे होते.

बोलण्याचा एक वेगळाच पेच होता. तिच्या तोंडून शब्द सपाट, एकमेकांना चिकटून येत. घरची माणसं न कळताच 'हो हो' करून मान हलवत आणि आपल्याला हवं ते करत. बाईला हे ध्यानात आल्यावर तिनं नवीन रीत काढली. कुणी मान हलवली की ती विचारी, "काय म्हनलं मी?" समोरचा गडबडे. मग ती तेच पुन्हा, सावकाश सांगे, आणि पुन्हा विचारी. पंधरा दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस तिचं बोलणं कान टवकारून ऐकायला शिकलं. त्यात तिची जीभही सुधारली, पण जास्त सुधारले ते इतरांचे कान.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. शेजारची शामकला रोज संध्याकाळी कुंपणावरून डोकावून पाही आणि पाहिलेलं दुप्पट करून विहिरीवर सांगे. श्यामलाल एके दिवशी वासरू चुकलेल्या गायीसारखा अस्वस्थ होऊन घरात शिरला. लोक म्हणत होते, मुंबईत कापलेल्या बाईला श्यामलालनं कामाला जुंपलं. त्याला पारावर बसणं कठीण झालं होतं. बाईनं दातांतल्या कामट्या एकेक करून काढल्या, पुसल्या, आणि मग त्याला सांगितलं की लोकांचं तोंड बोलायला पूर्ण उघडतं आहे, त्यांना बोलू द्या, माझं अजून अर्धंच उघडतं. श्यामलाल मुळातच कमी बोलणारा, आणि बायकोवर जीव असलेला. त्या दिवसापासून तो पारावर बसायच्या ऐवजी खळ्यावर जाऊन बसू लागला.

सुशीलाबाईचं मात्र मन दुखावलं. तिनं जीव लावून केलेलं प्रत्येक काम मोठी जाऊ एकेक करून परत मागत होती. आज झाडू, उद्या सूप. तिला वाटे, आपल्या सेवेत कुठं खोट राहिली म्हणून हे चाललंय. तिचा हात आपोआप पुढं होई, आणि सुलोचनाबाई तो बाजूला सारी. दिवाळीच्या पहाटे सुलोचनाबाईनं स्वतःचे केस स्वतः विंचरून अंबाडा घातला. तो डाव्या कानाच्या बाजूला चांगलाच कलंडला होता. सुशीलाबाईनं तो पाहिला, नीट करायला हात पुढं केला, मग तो आपणच मागं घेतला आणि पदर डोळ्यांना लावून चुलीकडं निघून गेली. सुलोचनाबाईलाही वाईट वाटलं. पण अंबाडा तिनं दिवसभर तसाच मिरवला.

ढोलीवरचे ठिपके चढत होते. कोजागिरीला हनुवटीपर्यंत, दिवाळीला कपाळापर्यंत, तुळशीच्या लग्नाला डोक्याच्या वर. दातांत कामट्या नऊ झाल्या, मग दहा. भाताचा घास आता बोटांनी दाबून नव्हे, सरळ तोंडात जाई. आणि मग, काठाला सहा बोटं उरली असताना, ठिपका थांबला. एक दिवस थांबला, चार दिवस, वीस दिवस. चाकावरून डाव्या हातानं दोर ओढला की उजवा थेट वरपर्यंत जाई, कुठं कुरकुर नाही, अडकणं नाही. सांधा मोकळा झाला होता. पण आपल्या बळावर तो त्या ठिपक्यापाशी येऊन उभा राही आणि थरथरे. मास्तरीणबाईनं हे सांगितलंच होतं. तरी बाई रोज घरातल्या प्रत्येकाला सांगे, "सहाच बोटं रायली." सांगताना तिचा आवाज असा असे की जणू उद्याचाच प्रश्न आहे. स्वतःपाशी ती इतकी खात्रीची नव्हती.

मार्गशीर्ष लागला. धान कापून भाऱ्यांचे पुंजणे रचले गेले, खळ्यावर मळणीचं चुरणं सुरू झालं. गुरुवारी नवं धान ढोलीत पडणार असं ठरलं. सोमवारी श्यामलाल एकाएकी म्हणाला, की गोंदियाच्या डॉक्टरला मान दाखवून ये, आणि येता-येता बिरसीला प्रेमिलाकडं दोन दिवस राहा, पोरगी आठवण काढून राहिली. प्रेमिला म्हणजे त्यांची लग्न झालेली मुलगी. एरवी श्यामलालला मुलीची आठवण करून द्यावी लागे. पण बाईला संशय आला नाही, लेकीकडं जायचं म्हटल्यावर कुणाला येतो. डॉक्टरानं मान चाचपून कुठं गाठ नसल्याचं सांगितलं, लेकीनं मऊ भात नि वरण जेवू घातलं, आणि बुधवारी संध्याकाळी बैलगाडी तिला परत घेऊन आली. मागच्या खोलीत ढोली नव्या शेणामातीनं लिंपून तयार होती. दर साली नव्या धानाआधी लिंपतातच. चुन्याचे सगळे ठिपके त्याखाली गेले होते. बाईला जरा चुकल्यासारखं झालं.

गुरुवारी उजाडता-उजाडता, घर जागं व्हायच्या आत, ती ढोलीपाशी गेली. घाईत तिनं नियम मोडला आणि उजवाच हात आधी लावला. बोटं ओल्या मातीवरून चढत गेली, कपाळ, डोकं, नेहमीची थरथर सुरू झाली, आणि बोटांना काठ लागला. ढोलीचा काठ. उजव्या हाताला. ती तशीच उभी राहिली. तिला हसू आलं, रडू आलं, मुंबईची ती घड्याळवाली पोरगी आता इथं हवी होती असं वाटलं. किती तरी दिवसांनी ती आपल्या शरीरावर खूश झाली.

मग मास्तरीणबाई आठवली म्हणून तो नियमही आठवला. उशिरा का होईना, पाळावा म्हणून तिनं डावा हात वर नेला.

डाव्या हाताची बोटं काठावरून आत गेली, तळवा आत गेला, आणि मनगट काठावर टेकलं.

बाईनं हात खाली घेतला आणि पुन्हा नेला. पुन्हा मनगट. अडीच महिने रोज सकाळी हाच हात याच काठावर दोन पेरं वळत होता. डावा हात काही दोन दिवसांत बिरसीला जाऊन वाढला नव्हता. ढोली आखूड झाली होती, बरोबर सहा बोटं.

तिला सगळं एकदम समजलं. प्रेमिलाची आठवण, डॉक्टर, नवं लिंपण. आणि खरं सांगायचं, तर पहिला विचार तिच्या मनात आला तो गप्प राहण्याचा. कुणी काही बोलणार नव्हतं. टोपली पडली असती, शामकलेचं तोंड बंद झालं असतं, तिचा मान राहिला असता. लबाडीही तिची नव्हती, घरानंच मायेनं केलेली. ती ढोलीला टेकून बराच वेळ उभी राहिली. पण मग पुढच्या साली काय? आणि त्याच्या पुढच्या? दरवर्षी घर तिच्यासाठी सहा-सहा बोटं खाली उतरत जाणार, आणि सगळे तिच्याकडं बघून हसत मान हलवणार. हे ओसरीवर बसवण्यापेक्षा वेगळं नव्हतं, फक्त ते आत आणून बसवणं होतं.

श्यामलाल गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ढोली कोनं कापली?"

श्यामलालनं बैलाच्या पाठीवरचं नसलेलं गवत झटकलं. मग म्हणाला, "तुह्यासाठी कापली. सहाच बोटं त होती."

"हात माहा उना झाला," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "ढोली काऊन उनी करता?"

तो खाली बघत राहिला. एवढा मोठा गडी, केस पांढरे झालेले, चोरी पकडल्यासारखा उभा. तिला त्याचा राग आला आणि त्याच रागात त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं तोंड फिरवलं. यानं मुंबईत दवाखान्याच्या फरशीवर चाळीस दिवस काढले होते. पण माया आली म्हणून ती मागं सरली नाही. बिसरामला बोलवा, एवढंच तिनं सांगितलं.

बिसराम आला तो कापलेलं कडं खांद्यावर घेऊनच. ते त्यानं मोडलं नव्हतं, आपल्या घरामागं झाकून ठेवलं होतं. बुरूड बांबू टाकत नाही हे एक, आणि ज्या बाईनं त्याच्याकडून नखाच्या जाडीच्या कामट्या तीनदा परत करून घेतल्या होत्या, तिला सहा बोटं कळणार नाहीत यावर त्याचा विश्वास नव्हता हे दुसरं. दुपारपर्यंत त्यानं कडं पुन्हा विणून बसवलं. सांधा दिसत होता. सुशीलाबाई त्यावर माती लिंपायला आली, तिला सुलोचनाबाईनं थांबवलं. सांधा दिसू दे, म्हणाली.

पहिली टोपली त्यामुळं संध्याकाळवर गेली. तोवर गावात बातमी पोचायची तशी पोचली आणि शामकलेसह सात-आठ बायका मागच्या खोलीच्या दाराशी जमल्या. दिवा लावला होता. सुशीलाबाईनं धानाची टोपली आणून जावेच्या पुढ्यात ठेवली. हळदी-कुंकू झालं. सुलोचनाबाई वाकली, दोन्ही हातांनी टोपली उचलली, छातीशी आणली, खांद्याशी आणली. मग टाचा उचलल्या.

डावा हात वर गेला. उजवाही निघाला, हनुवटी, कपाळ, डोकं, आणि रोजच्यासारखाच अडून उभा राहिला. टाचा उचलून मिळायचं ते डाव्या हातालाही मिळालं होतं, दोन हातांतलं अंतर तेवढंच राहिलं. टोपली उजवीकडं कलू लागली. दोन-चार दाणे सांडले. श्यामलालनं डोळे मिटून घेतले.

सुशीलाबाई झेपावली. तिचे दोन्ही हात टोपलीकडं गेले, साडेतीन महिने जसे जात होते तसेच.

"टोपली नोको धरू," सुलोचनाबाई म्हणाली. "कोपर धर."

सुशीलाबाईचे हात हवेतच थांबले. तिला कळलं नाही, आणि मग कळलं. तिनं आपला तळवा मोठ्या जावेच्या उजव्या कोपराखाली लावला. ढकलला नाही, नुसता लावला. अडीच महिने चाकावर मोकळा केलेला सांधा कुठंही न कुरकुरता वर गेला, डाव्याच्या बरोबरीनं, थेट काठापर्यंत. टोपली सरळ झाली, काठावर टेकली, आणि नवं धान सळसळत ढोलीच्या तळाशी पडलं.

मग शामकलेनं, आता ती शामकलाच होती म्हणून, विचारलं की हाताला हात लागला, तर ही टोपली कुणाची धरायची. सुलोचनाबाईनं उलट तिलाच विचारलं, पाय कुठं होते. शामकला खाली बघून म्हणाली, जमिनीवर. मग झालं तर, असं म्हणून सुलोचनाबाईनं रिकामी टोपली सुशीलाबाईच्या हाती दिली आणि पुढची टोपली भरायला सांगितली. सुशीलाबाई डोळे पुसत होती आणि हसतही होती. पुढच्या टोपल्या गड्यांनी तिपाईवर चढून ओतल्या.

रात्रीच्या जेवणाआधी सुलोचनाबाई आपल्या ठरलेल्या जागी, ढोलीजवळ, दातांत अकरा कामट्या धरून बसली होती. अकरावी त्याच दिवशी बसली होती आणि चांगलीच ताणत होती. श्यामलाल दारात आला. जरा वेळ उभा राहिला. मग नेहमीच्या, दरवर्षीच्या आवाजात त्यानं विचारलं, "बियाण्याले लुचई ठेवाची का हिरानक्खी?"

तिचं तोंड कामट्यांनी भरलेलं होतं. घड्याळवाल्या पोरीनं सांगितलेला वेळ अजून पुरा व्हायचा होता. तिनं डावा हात वर करून त्याला थांबायची खूण केली. श्यामलाल उंबऱ्यावर बसला आणि वाट पाहू लागला.